माळवद गेलं, गारवा का जावा?

(वसंत व्याख्यानमालेत देवगाव फाटा येथे दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापलाय 'शीत छतं आणि हरित छतं'. तापमानवाढ कशानं होते, यात मी वेळ घालवत नाही. परभणी जिल्ह्यात मे महिना काढणाऱ्यांना ऊन समजावून सांगायला नको. मला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. घराचा गारवा छतावर ठरतो, आणि त्या छताला दरवर्षी माणसाचा हात लागावा लागतो.

आपली माळवदं आठवा. सागाच्या तुळया, वर किलच, त्यावर पाला आणि फूट-दीड फूट पांढरी माती. फूटभर माती ओलांडायला उष्णतेला आठ-दहा तास लागतात. दुपारचं ऊन खाली पोचेपर्यंत रात्र व्हायची आणि घरातली माणसं अंगणात निजलेली असायची. आजचा चार-पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि ऐन झोपेच्या वेळी अंगावर आग ओकतो.

माझी आजी मृगाच्या आधी गावच्या पांढरीची माती गाढवांवर आणवून घ्यायची. ढेकळं फोडायची, खडे वेचायची, माती पसरून धुमसानं चोपून घ्यायची. उतार पन्हाळाकडं आहे ना, हे तांब्याभर पाणी ओतून बघायची. पहिल्या पावसात आम्ही पोरं झोपलेली आणि ती खाली भांडी मांडत जागी. कुठं टपटप झालं की तेवढ्या अंधारात घमेलं घेऊन शिडीनं वर. ओली जागा पायानं चाचपून तिथं टाच रोवायची, वर कोरडी माती टाकून तुडवायची. उजेडासाठी ठेवलेल्या साण्यावर पालथी पाटी घालून मगच उतरायची. गवताचं एक पातं ठेवायची नाही, कारण मूळ गेलं की पाणी गेलं. हे सगळं विस्तारानं सांगतोय, कारण माळवदाचा गारवा या कष्टावर उभा होता.

काय म्हणालात? किल्लारी? नाही हो, विसरलो नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि वरचं ओझं अंगावर आलं. त्या भीतीनं लोकांनी माळवदं उतरवली, पत्रे घातले, स्लॅब टाकले. कुणी त्यांना नावं ठेवू नयेत. परत मातीखाली झोपा, असं मी कुणालाही सांगणार नाही.

म्हणूनच स्लॅबवर माती टाकून बाग करायची हौस असेल, तर आधी हिशोब करा. शंभर चौरस फुटांवर फूटभर माती म्हणजे एक ब्रास. कोरडीच साडेचार टन भरते, भिजली की आणखी. घराच्या छताचा स्लॅब माणसांच्या वावरासाठी चौरस मीटरला दीडशे किलो धरून बांधतात. ही माती पावणेपाचशेच्या पुढं जाते. शिवाय हिरवं छत गार राहतं ते पानांतून उडणाऱ्या पाण्यावर. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या मुलखात उन्हाळ्यात छतावरच्या गवताला पाणी कुठून घालणार?

पांढरं छत मात्र आपल्याला परवडतं. काळवंडलेला स्लॅब शंभरातले पंचवीस-तीस भाग ऊन परत पाठवतो, ताजा पांढरा थर सत्तर-ऐंशी. हैदराबादेत अमेरिकेतल्या बर्कलेची प्रयोगशाळा आणि तिथली ट्रिपल आयटी यांनी व्यापारी इमारतींवर याचा अभ्यास केला. काळ्या छताचं पांढरं झालं तिथं थंडाव्याची वीज १४ ते २६ टक्के वाचते, साध्या काँक्रीटवर १० ते १९ टक्के. तेलंगणानं २०२३ मध्ये शीत छतांचं धोरणच आणलं. आपल्या घरांत एसी नाही, म्हणजे आपली बचत बिलात दिसणार नाही. ती म्हाताऱ्या माणसाच्या झोपेत दिसेल.

'चुना लावायला आलेत' असं कुणीतरी म्हणालं. (हशा) हसा, पण लावा! विरवलेला चुना गाळून घ्या, थोडा डिंक घाला, स्लॅब झाडून ओला करा आणि ऊन उतरल्यावर दोन-तीन हात द्या. हिवाळ्यात गारठू का, असं या ताई विचारताहेत. पावसाळ्यात बराचसा चुना धुऊन जातो, धूळ बसते, हिवाळ्यात छत पुन्हा ऊन घेतं. म्हणून होळी झाली की दरवर्षी नवा हात.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. धोरणाचा भाग सोडतो. एवढं मात्र ग्रामपंचायतीनं ऐकावं: घरकुल २६९ चौरस फुटांचं असतं, त्याच्या छताला चुना द्यायला दोन माणसांना एक संध्याकाळ पुरते. सुरुवात अंगणवाडीपासून करा. लेकरं तिथं तळमजल्यावर, थेट स्लॅबखाली बसतात.

शेवटचा प्रश्न पत्र्याचा, फाट्यावरच्या हॉटेलवाल्यांचा. नवा चकचकीत पत्रा ऊन परतवतो, पण तापला की उष्णता सहज सोडत नाही. गंजला की ऊनही पिऊन घेतो. त्यावर चुना टिकत नाही. गंज घासा, प्रायमर द्या, पांढरा रंग मारा आणि खाली वीतभर जागा सोडून बांबूची तट्टी बांधा. दोन्ही बाजूंनी वारा खेळता ठेवा. तट्टी मात्र चुलीपासून लांब.