खिडकीची दोरी कोणाच्या हाती?



ज्या व्यासपीठावरून मोठमोठे पंडित बोलून गेले, तेथे आम्हांसारख्या रात्रशाळेत शिकलेल्या माणसाने उभे राहावे, आणि तेही खिडकीच्या पडद्यांविषयी बोलण्यासाठी, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. एका मित्राने तर विचारले, "आयुष्य चळवळीत गेले, आता पडदे विकणार की काय?" विकणार नाही, पण पडद्याआड काय चालले आहे हे पाहण्याची सवय आम्हांला चळवळीनेच लावली.

नव्या गृहसंकुलांतून आता विजेवर चालणारे पडदे आणि झडपा दिसू लागल्या आहेत. यंत्र तसे साधे. ज्या नळीवर कापड गुंडाळले जाते तिच्या पोटातच एक लांबट मोटर बसविलेली असते. मोटर वेगाने फिरते. दंतचक्रे तो वेग कमी करून जोर वाढवितात. पडदा ठरविलेल्या टोकास पोचला की प्रवाह तुटतो आणि ब्रेक त्यास तेथेच धरून ठेवतो. त्यास घड्याळाची जोड दिली की पडदा सकाळी आपोआप उघडतो, आणि उजेड मोजणारे उपकरण जोडले की ऊन चढताच खाली येतो.

हे सारे श्रीमंतांचे चोचले आहेत असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. संधिवाताने बोटे आखडलेल्या म्हातारीला, अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेल्या माणसाला स्वतःची खिडकी स्वतः उघडता येणे ही लहान गोष्ट नव्हे. पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्यांचा फास बसून लहान मुले दगावली आहेत. म्हणूनच अमेरिकेत २०२४ च्या जूनपासून नव्या मानकाने अशा दोऱ्यांवर कडक बंधने आणली. मोटरीने ती दोरीच नाहीशी होते. तेव्हा यंत्राशी आमचे भांडण नाही.

भांडण आहे ते वेगळ्याच गोष्टीशी. साहेबाच्या काळी बंगल्यांतून आणि कचेऱ्यांतून छताला कापडी पंखा टांगलेला असे. त्याची दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर जाई आणि व्हरांड्यात बसलेला माणूस ती तासन्‌तास ओढी. दोरी त्याच्या हाती होती. वारा मात्र आतल्या साहेबाला. विजेचा पंखा आला आणि ते कष्ट गेले, हे चांगलेच झाले. पण कष्टांबरोबर त्याची भाकरीही गेली, आणि तिचा विचार करण्याची गरज पंखा विकत घेणाऱ्यास कधी वाटली नाही. मुंबईच्या १९२८ च्या गिरणी संपात, विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत ही योजना वादाचा एक मोठा मुद्दा होती. तेव्हाचा प्रश्न आजही तोच आहे: यंत्राने जो वेळ वाचविला, तो कोणाचा?

आमच्या घरकामगार संघटनेतील एका भगिनीची हकीकत सांगतो. ज्या घरी त्या काम करीत तेथे आठ खिडक्या होत्या. सकाळी पडदे उघडणे, दुपारी पश्चिमेचे ओढणे, हे त्यांच्याकडे. मोटरी बसल्या आणि घरच्या ताई म्हणाल्या, "मावशी, आता तुमचे काम कमी झाले, महिना दोनशे रुपये कमी घ्या." पडद्यांवरची धूळ मात्र मोटर झाडीत नव्हती. आमच्याकडे २००८ सालचा घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. पण पगार कापला जात असता तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहत नाही. आम्ही जाऊन बोललो. ताईंनी "पाहू" एवढेच म्हटले.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी वीज गेली. ताई कामावर, पडदे चालविणारा फोन त्यांच्याजवळ. घरात आजी एकट्या, बाहेरच्या झडपा बंद, काळोख आणि उकाडा. मावशी आल्या. मोटरी बसविणाऱ्या कारागिराने हाताने फिरविण्याचा दांडा माळ्यावर टाकलेला त्यांनी पाहिला होता. तो काढून त्यांनी झडप वर घेतली. संध्याकाळी आजींनी सुनेला एकच विचारले, "ह्या दांड्याचे महिना किती कापतेस?" दोनशे रुपये राहिले. वाचलेली दहा मिनिटे मावशी आता आजींजवळ बसून चहा घेतात. आमच्या मते यंत्राने वाचविलेल्या वेळेचा याहून चांगला वाटा आम्ही पाहिला नाही.

तेव्हा ज्यांना घरी अशी सोय करावयाची आहे, त्यांनी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, वीज गेल्यावर हाताने उघडण्याची व्यवस्था आहे काय, आणि ती घरातल्या सर्वांना ठाऊक आहे काय. आग लागली तर याच प्रश्नावर जीव अवलंबून राहील. दुसरी, भिंतीवर साधे बटण आहे काय, जेथे म्हाताऱ्यांचा व मुलांचा हात पोचतो. फोन आणि इंटरनेट यांवाचून जी खिडकी उघडत नाही ती खिडकी परक्याची. तिसरी, उन्हाला काचेच्या बाहेर अडवावे. ऊन एकदा काचेतून आत आले की त्याची उष्णता बरीचशी खोलीतच राहते, मग आतला पडदा कितीही भारी असो. आपल्या वाडवडिलांची बांबूची चिक आणि वाळ्याचा पडदा बाहेरच्या अंगाला असे, ते उगीच नव्हे. चौथी, यंत्रही दमते. पुष्कळ मोटरी सलग चार-पाच मिनिटे चालविल्या की तापून आपोआप थांबतात. त्यांना थंड होऊ द्यावे, लगेच बिघडली म्हणून ओरडू नये.

मोटरीला विश्रांती हवी हे तिच्या कारखानदाराने ओळखले आणि तशी सोय तिच्या पोटातच केली. माणसाच्या विश्रांतीची सोय मात्र अजून प्रत्येक घरी मागून घ्यावी लागते. आज घरी जाऊन खिडकी लावताना, ती रोज कोण लावते एवढे आपण आठवावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.