ठमीचे केस कोणी कापले?

आज तुम्हाला आमच्या घरातल्या एका चोरीची हकिगत सांगणार आहे. चोरीला गेले होते ते केस, आणि चोर शोधताना मी तीन वेळा चुकले.

आमच्याकडे चिंगी आणि ठमी अशा दोन गिनीपिग आहेत. दोघी माद्या, पिल्लं असल्यापासून एकत्र वाढलेल्या. एकीला उचललं, की दुसरी शिट्टी घालते. झोपतात त्याही अंगाला अंग लावून. दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात एका सकाळी पाहते, तर ठमीचे मानेपासून पाठीपर्यंतचे केस कात्रीने कापावेत तसे आखूड झालेले! आमच्या धाकटीला तेव्हा हस्तकलेचं वेड होतं, कात्री सतत तिच्या हातात. मी काही विचारलं नाही, सरळ ओरडले. ती रडत म्हणाली, "आई, मी नाही गं कापले! शप्पथ!" मी विश्वास ठेवला नाही. कात्री कपाटावर गेली.

दोन दिवसांत ठमीचे केस आणखी कमी झाले. कात्री मात्र कपाटावरच होती.

त्या रात्री दिवा मंद करून मी पिंजऱ्याजवळ बसून राहिले. बऱ्याच वेळाने दिसलं ते असं : चिंगी ठमीच्या पाठीला तोंड लावून, गवत खावं तशी तिचे केस कुरतडत होती. आणि ठमी गप्प बसून होती. मला चिंगीचा इतका राग आला, की त्याच क्षणी दोघींना वेगळं केलं. चिंगी एका खोलीत, ठमी दुसऱ्या खोलीत. धाकटीवर आळ घेतला ही पहिली चूक. ही दुसरी.

दुसऱ्या दिवशी ठमीने खाणं सोडलं. कोपऱ्यात अंग चोरून बसली. काकडी पुढे केली तरी मान वळवली. गिनीपिगचं पोट सतत चालू राहावं लागतं. त्याने दिवसभर काही खाल्लं नाही, तर जिवावर बेततं. मी तिला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे पळाले.

इथे या प्राण्याची थोडी ओळख करून द्यायला हवी. हा गिनीचाही नाही आणि डुकराच्या जातीचाही नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलं, तेही मांसासाठी. पुढे तो प्रयोगशाळेत गेला. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला, तो सिद्ध करताना गिनीपिगच वापरले. आपल्यासारखंच त्याच्याही शरीरात 'क' जीवनसत्त्व तयार होत नाही. ते रोजच्या खाण्यातूनच मिळावं लागतं. दात जन्मभर वाढत राहतात. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हा कळपातला जीव आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ सालच्या नियमांनुसार गिनीपिग एकटा ठेवता येत नाही, त्याला जोडीदार द्यावाच लागतो.

डॉक्टरांनी आधी सिरिंजने ठमीला पातळ खाणं भरवलं. मग भिंग घेऊन तिची पाठ तपासली. म्हणाले, "ताई, घाबरू नका. कातडी स्वच्छ आहे. खाज नाही, खपली नाही. केस मुळापासून गेलेले नाहीत, खुंट शिल्लक आहेत. हे चावून कापलेले केस आहेत. आणि मानेवरचे केस तिला स्वतःला चावता येत नाहीत. म्हणजे काम जोडीदाराचं. जिचे केस शाबूत, ती न्हावीण!"

हा फरक श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. प्राणी सारखा खाजवत असेल, हात लावला की कळवळत असेल, तर ती खरूज असू शकते. तोंडाभोवती, कानाजवळ कोंड्यासारख्या खपल्या दिसल्या, तर गजकर्णाची शंका घ्यावी. गजकर्ण माणसालाही होतं, म्हणून मुलांना लगेच दूर ठेवावं. वयस्क मादीचे दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गळू लागले, तर अंडाशयात गाठी असू शकतात. या सगळ्याला डॉक्टरच हवेत, घरातलं मलम नव्हे. मात्र कानामागे छोटीशी टकली जागा प्रत्येक गिनीपिगला जन्मतःच असते. ती पाहून घाबरू नये.

मग डॉक्टरांनी विचारलं, "यांना गवत किती देता?"

मी गप्प. उन्हाळ्यात गच्चीवर हरळी वाळवून मी पोतं भरून ठेवत असे. पावसाळ्यात ते दमट झालं, बुरशीचा वास येऊ लागला, म्हणून फेकून दिलं. मग दुकानातलं पेलेट आणि भाज्या यांवर भागवत होते. पोट भरत होतं, पण चावण्याचं काम उरलं नव्हतं. गिनीपिग दिवसाचा मोठा भाग चघळण्यात घालवतो. ते लांब, चिवट गवत नसेल, तर तोंडाला दुसरं काहीतरी लागतं. शेजारीच मऊ केसांची मैत्रीण बसलेली असते!

त्यात पाऊस म्हणून मी त्यांना बाहेर सोडणंही बंद केलं होतं. दोघी दिवसभर एका अरुंद पिंजऱ्यात. एक घर, एक वाटी. अशा जागेत जी वरचढ असते, ती दुसरीला दाबते, आणि केस चावणं हीही दाबण्याची एक रीत. दुबळी हलत नाही, कारण हलायला जागाच नसते.

म्हणजे चोर धाकटी नव्हती. खरं सांगायचं, तर चिंगीही नव्हती. चोरी माझ्या व्यवस्थेची होती. गवत संपलं तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही, ही तिसरी चूक.

डॉक्टरांनी मला पुन्हा जोडी जमवायला लावली. जर्मनीतले प्राणिवर्तनशास्त्रज्ञ नॉर्बर्ट साखसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगवर बरंच काम केलं आहे. अनोळखी जागी ठेवलेल्या नराच्या रक्तात ताणाचं संप्रेरक वाढतं. त्याच्या सहवासातली मादी बरोबर असेल, तर ते बरंच कमी वाढतं. परकी मादी ठेवून मात्र तसा उपयोग होत नाही. म्हणजे नुसती सोबत पुरत नाही, आपलं माणूस लागतं. ठमीचं 'आपलं माणूस' चिंगी होती, केस खाणारी असली तरी.

मी काय केलं ते थोडक्यात सांगते. कोरडं गवत विकत आणून चोवीस तास समोर ठेवलं. लसूणघास मात्र रोज नाही, त्यात कॅल्शियम फार. भोपळी मिरची आणि कोथिंबीर 'क' जीवनसत्त्वासाठी. वाट्या दोन, पाण्याच्या बाटल्या दोन. लपायला खोक्यांची दोन घरं, प्रत्येकाला दोन दारं, म्हणजे एकीने वाट अडवली तर दुसरीला निघता यावं. आणि रोज तासभर हॉलमध्ये मोकळं सोडणं. दोघींना प्रथम नव्या चादरीवर, गवताच्या ढिगाशेजारी भेटवलं. चिंगीने हुंगलं, ठमी शिट्टी घालत तिच्या अंगाखाली शिरली, आणि दोघी गवत खाऊ लागल्या.

एक सांगायला हवं. रक्त येत असेल, जखमा होत असतील, एकीला खायलाच मिळत नसेल, तर वेगळं करावंच लागतं. पण तेव्हाही मध्ये जाळी ठेवून शेजारी ठेवावं, दुसऱ्या खोलीत नव्हे. एकमेकींचा वास आणि आवाज पोहोचला पाहिजे.

साधारण दीड महिन्यात ठमीची पाठ भरून आली. आताही पावसाळा लागला, की मी आधी गवताचं पोतं तपासते, मग घरातल्यांच्या छत्र्या.

आणि ती कात्री? डॉक्टरांकडून आले त्याच संध्याकाळी कपाटावरून काढून धाकटीच्या हातात दिली. म्हटलं, "चुकले गं, मी तुझं ऐकायला हवं होतं." तिने कात्री घेतली आणि विचारलं, "मग आता चिंगीला कोणी ओरडायचं?"

मी म्हटलं, "कोणीच नाही."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)