गोळ्या दोघांनी घ्यायच्या

(होटगी येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



घाबरू नका, कुणाला हात वर करायला सांगणार नाही. अंगावरून पांढरं जाणं हा विषय आपण सख्ख्या बहिणीशीसुद्धा बोलत नाही, हे मला ठाऊक आहे.

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग किंवा गुप्तरोग होता. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ! बाकीच्या अंगावर काढत होत्या.

आता आपल्याकडची हकिकत. आमच्या गटातली एक बाई वर्षात तीनदा मजुरी बुडवून सोलापूरला गेली. दर वेळी गोळ्या, दर वेळी बरं वाटायचं, महिन्या-दीड महिन्यात ओटीपोट पुन्हा दुखायचं. शेवटी एका डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली. (बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचं प्रकरण आठवा. २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.) पण तीन वेळांत एकानेही विचारलं नाही, नवऱ्याने गोळ्या घेतल्या का?

त्याला घ्या म्हटलं, तर तो म्हणाला, "मला काय झालंय? तूच कुठून आणलंस?" ती गप्प बसली. आपण सगळ्याच इथे गप्प बसतो. मग नर्सबाईंनी त्याला समजावलं. क्लॅमिडिया नावाचा जंतू बाईत काय, पुरुषात काय, महिनोन्‌महिने काही त्रास न देता राहतो. कुणी कुणाला दिला हे त्यावरून सांगता येत नाही. एकट्या बाईने औषध घेतलं की ती बरी होते, आणि जवळ आल्यावर तोच जंतू परत घेते. आठवडाभर कुरकुर करून त्याने गोळ्या घेतल्या.

औषधं काही फार महाग नाहीत. क्लॅमिडियाला डॉक्सिसायक्लिन, सकाळ-संध्याकाळ सात दिवस. पोटुशीला ती चालत नाही, तिला अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात. म्हणून दिवस गेले असतील तर आधी सांगा. गरमीला, म्हणजे सिफिलिसला, पेनिसिलिनचं इंजेक्शन. सुरुवातीच्या आजारात एकदाच, जुना असेल तर आठवड्याला एक असं तीनदा. पोटुशीने हे रक्त तपासून घ्यायलाच हवं, नाहीतर मूल दगावतं. परम्याचं मात्र अवघड झालंय. पूर्वी सिप्रोफ्लोक्सासिनच्या एका गोळीने तो जायचा. ती गोळी जागोजाग, अर्धवट वापरली गेली आणि जंतू तिला जुमानेनासे झाले. आता सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शन लागतं.

बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी पट्टी जावेला देऊ नका. तिचं दुखणं वेगळं असेल. दह्यासारखं पांढरं आणि खाज असेल तर ती बहुधा बुरशी. तिला हे औषध लागू पडत नाही, उलट वाढते. आणि पाळीच्या मधल्या दिवसांत थोडं पातळ पाणी जाणं हा आजारच नव्हे.

दोघांचं औषध पुरं होईपर्यंत, निदान सात दिवस, संबंध नको. हे घरात म्हणणं गोळीपेक्षा कडू आहे, कबूल. डॉक्टरांनाच म्हणा, नवऱ्याला बोलावून सांगा. ते त्यांचं कामच आहे. आणि कुठला आजार, कुठलं औषध, हे कागदावर लिहून मागा. एचआयव्हीची तपासणीही त्याच वेळी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.

चहा झाल्यावर मी पलीकडच्या खोलीत बसते. एकेकीने या, दार लावून बोलू. सोलापूरची गाडी सुटली तरी चालेल, मी मागच्या एसटीने जाईन.