काँक्रीटला पांघरूण



शाळेचा कट्टा बांधणारे गवंडी माझे बाबा, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कोलोरॅडोच्या डोंगरात ऑक्टोबरात आमच्या दारात काँक्रीटचा ड्राइव्हवे ओतला, तेव्हा बाबांनी फोनवर विचारलं, “पाणी कधी मारणार?” इथे उलट! रात्री गोठू नये म्हणून त्यावर ब्लँकेटं घातली होती. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं; त्याला जागा मिळावी म्हणून मिश्रणातच हवेचे सूक्ष्म बुडबुडे ठेवतात. बाबांना पटेना. जन्मभर सळईने ठोकून हवा काढलेली!

सासूबाई घसरू नयेत म्हणून मी पहिल्याच हिवाळ्यात मीठ टाकलं. नव्या काँक्रीटवर वाळू टाकायची असते. मार्चमध्ये पापुद्रे निघाले.

बाबा व्हिडिओवर बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “वरून गिलावा मारू नकोस. सुटेल.”