परतीच्या सामानातला तांदूळ

उन्हाळ्याची सुटी स्वगृही घालवून अमेरिकेस परतणारी कुटुंबे जेव्हा गोंदिया जंक्शनावरून मुंबईकडे जाणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसतात, तेव्हा आजीने निवडून, पाखडून, मायेने बांधून दिलेला सुवासिक चिन्नोर तांदूळ पेटीच्या तळाशी असणे, धानाच्या या मुलखात, स्वाभाविकच होय. परंतु हा तांदूळ परदेशी जकात नाक्यावर जप्त होतो. कारण साठवणीच्या धान्याची नासाडी करणारा खापरा भुंगेरा, ज्याची अळी अन्नावाचूनही दीर्घकाळ फटींत दडून तग धरते, आपल्या देशात आढळत असल्यामुळे, प्रवाशांच्या सामानातून भारतातील तांदूळ आणण्यास अमेरिकी सरकारने २०११ सालापासून मज्जाव केला आहे. हा हुकूम आजीच्या मायेला कठोर भासेल खरा; तथापि ज्या शेतकऱ्याने कोठीतले धान किडीपायी गमावले आहे, त्याला त्यातील न्याय सहज उमगेल. ताजे आंबेही असेच अडवले जातात.

म्हणून परतणाऱ्या मंडळींना आग्रहाची विनंती अशी, की सोबतच्या प्रत्येक खाद्यजिनसेची नोंद जकात अधिकाऱ्यांपुढे प्रांजळपणे करावी. नोंदवलेला निषिद्ध जिन्नस केवळ काढून घेतला जातो, लपवलेल्याबद्दल मात्र दंड होऊ शकतो.