बिऱ्हाड हलविण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



युरोपातील एका देशातून दुसऱ्या देशात नोकरीसाठी जाताना काय तयारी करावी, हा विषय आज मंडळाने मला दिला आहे. कोणी म्हणेल, याचा आपल्याशी काय संबंध? पण आपल्या कितीतरी लेकी-सुना जर्मनीत, नेदरलँड्समध्ये नोकऱ्या करीत आहेत. जावयाला शेजारच्या देशात बरी जागा मिळते आणि बिऱ्हाड हलते. भांडीकुंडी मोजली जातात, मुलांची शाळा पाहिली जाते. पण लेकीच्या नोकरीचे काय, हे सामान पोचल्यावर आठवते. ते आधी आठवावे, एवढेच माझे सांगणे.

पहिली गोष्ट परवान्याची. जर्मनीतला निवास-परवाना असला तर शेंगेन देशांत १८० दिवसांतले ९० दिवस राहता येते. पण ते फिरण्यापुरते. नोकरीची मोकळीक आहे ती युरोपीय संघाच्या नागरिकांना. गोव्यातील ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले त्यांना ती मिळते. ब्रिटनमध्ये मात्र २०२१ पासून नव्याने जाणाऱ्यांना ती उरलेली नाही. भारतीय पारपत्रावर राहणाऱ्याजवळ ‘ब्लू कार्ड’ असेल, तर पहिल्या देशात १२ महिने झाल्यावर दुसऱ्या देशात जाता येते व पोचल्यापासून महिन्याच्या आत अर्ज करावा लागतो. डेन्मार्क आणि आयर्लंड या व्यवस्थेत नाहीत. पत्नीला बरोबर जाता येते. पण तिचा अर्ज आणि परवाना वेगळा असतो. नवऱ्याचे काम झाले म्हणजे आपले झाले, असे समजू नये.

दुसरी गोष्ट पदवीची. परिचारिका, डॉक्टर, औषधनिर्माती यांच्या पदवीस जर्मनीने मान्यता दिली, तरी ती नेदरलँड्समध्ये आपोआप चालत नाही. तिथे पुन्हा अर्ज, पुन्हा नोंदणी आणि डच भाषेची परीक्षा. यात कित्येक महिने जातात. म्हणून पहिली नोकरी हाती असतानाच चौकशी आणि भाषेचा अभ्यास सुरू करावा. जर्मनीत नोकरी सोडताना केलेल्या कामाचे लेखी प्रशस्तिपत्र मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. ते घेतल्याशिवाय निघू नये.

तिसरी गोष्ट नावाची, आणि ही खास आपल्या बायकांची. जन्मदाखल्यावर नुसते ‘मुलगी’, पदवीवर वडिलांचे नाव, पारपत्रावर नवऱ्याचे! परक्या कचेरीत या तीन वेगवेगळ्या बायका ठरतात. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा आपला कायदा नाही. बदलले असेल तर सर्वत्र एकच ठेवावे. लग्नाची रीतसर नोंदणी करावी. निमंत्रणपत्रिका आणि फोटो तिथे पुरत नाहीत. जन्मदाखल्यात नाव नसेल तर नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत घालून घ्यावे. भारत २००५ पासून अपोस्टीलच्या करारात आहे. आधी राज्य शासनाचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा क्रम असतो. मात्र सर्वच देश तेवढ्यावर समाधान मानीत नाहीत. ज्या कचेरीत कागद द्यायचा तिलाच आधी विचारावे.

आता निघण्याविषयी. जर्मनीत भाड्याचे घर सोडण्याची सूचना साधारणपणे ३ महिने आधी, सहीनिशी लेखी द्यावी लागते. देश सोडल्यावर २ आठवड्यांच्या आत आपली नोंद रद्द करावी आणि तो दाखला जपावा. नेदरलँड्समध्ये ४ महिन्यांहून अधिक राहायचे तर ५ दिवसांत नगरपालिकेत नोंद करायची. तिथला आरोग्यविमा ४ महिन्यांच्या आत घ्यावा. उशिरा घेतला तरी हप्ता मागील तारखेपासूनच भरावा लागतो. जुने बँकखाते लगेच बंद करू नये. घराची अनामत, कराचा परतावा तिथेच येतो. आणि खाते तिचे स्वतःचे असावे.

निवृत्तिवेतनासाठी भरलेले पैसे बुडत नाहीत. युरोपीय संघातील देशांत केलेली वर्षे हक्क ठरविताना एकत्र धरतात आणि प्रत्येक देश आपला वाटा देतो. भारत आणि जर्मनी यांच्यातही २०१७ पासून असा करार अमलात आहे. मात्र त्यासाठी विम्याचे व पगाराचे कागद वर्षानुवर्षे जपावे लागतात. निघताना बेकारी विम्याचा ‘यू-१’ नावाचा दाखलाही मागून घ्यावा.

आपण इथे बसून काय करणार? पुष्कळ. जन्मदाखला काढणे, विद्यापीठातून गुणपत्रिकेची प्रत आणणे, शिक्क्यांसाठी खेटे घालणे, ही कामे तिकडून होत नाहीत. आईच करू शकते. लेकीला लाडू-चिवड्याचा डबा जरूर पाठवा; पण त्याच्या आधी तिच्या कागदांची फाईल पाठवा. डबा आठ दिवसांत संपेल. फाईल तिला परक्या गावी स्वतःच्या पायावर उभी ठेवील.