शुक्रवारचे खाते

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



२०२५ साली भिवंडीत दोन उपवास एकाच आठवड्यात सुरू झाले. २ मार्चला, रविवारी, रमजानचा पहिला रोजा होता आणि ५ मार्चला राखेचा बुधवार. राखेचा बुधवार म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. महाशिवरात्र आठवडाभर आधीच होऊन गेली होती. मंडईतली कवठे संपली आणि खजूर आला. वंजारपट्टी नाक्याकडे संध्याकाळी पाय ठेवायला जागा मिळेना. आमचा उपवास मात्र बाजारात कुठेच दिसत नव्हता. एक तर या गावात आमची घरे थोडी, आणि दुसरे म्हणजे त्या उपवासाला लागणारे असे काही बाजारात विकतच मिळत नाही.

शेजारच्या घरातली सून इफ्तारची भजी घेऊन आली होती. तिने माझ्या पत्नीला विचारले, "आंटी, आप लोगों में भी रोज़ा होता है क्या?" होतो म्हटल्यावर पुढचे प्रश्न आले. कधी सोडता? काय चालते? काय चालत नाही? पत्नीने उत्तर द्यायचा प्रयत्न केला आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवले. तेव्हा मलाही ते नीट सांगता आले नाही. म्हणून आज पुन्हा प्रयत्न करतो.

नियम सांगायला लागलो की गोंधळ वाढतो. कॅथलिक पंथात सक्तीचे उपवास वर्षातून दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचे, बाकी दोन वेळा थोडेसे खाल्ले तरी चालते. हे बंधन वयाच्या अठरा वर्षांपासून एकोणसाठ वर्षे पूर्ण होईपर्यंत. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. पूर्वीचे नियम याहून पुष्कळ कडक होते. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी ते सैल केले. आम्हा प्रोटेस्टंट लोकांत नियमच नाही, ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती कुटुंबांत हाच काळ 'नोंबु' म्हणून पाळतात, आणि परंपरेने पाळणारे मांस, मासे, अंडी, दूध सगळे सोडतात. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट लोकांत मात्र रविवारी उपवास नसतो, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस मोजले तर शेहेचाळीस भरतात. त्यातले सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. हिशेबात बसणारी गोष्ट आली की मला बरे वाटते. सारी हयात त्यातच गेली.

माझी पत्नी वसईकडची, कॅथलिक घरातली. भिवंडी रोड स्टेशनवरून दिवा-वसई गाडीत बसले की तिचे माहेर. तिथे राखेच्या बुधवारी कपाळावर जी राख लावतात, ती आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी घरी आणलेल्या पवित्र झावळ्या जाळून केलेली असते. मांस बंद असले तरी मासळीला नियमाची आडकाठी नाही. माझ्या सासूबाई मात्र शुक्रवारी पेज आणि लोणच्यावर राहत. एकदा मी थट्टेने म्हटले, "पापलेट चालते की तुम्हाला." त्या म्हणाल्या, "मटन सोडून पापलेट खायचं म्हणजे उपास नाही झाला, नुसता बाजार बदलला." एकादशी दुप्पट खाशी, ही म्हण सगळ्याच धर्मांच्या कामी येते.

मग उपवास म्हणजे काय? येशू ख्रिस्ताने स्वतः चाळीस दिवस अरण्यात उपवास केला, ही आमच्या उपवासकाळामागची मूळ गोष्ट. तो भुकेला झाला तेव्हा सैतानाने पहिला मोह भाकरीचाच घातला. देवाचा पुत्र असशील तर या दगडांच्या भाकरी कर, असे त्याने सुचवले. येशूने ते नाकारले. माणूस नुसत्या भाकरीवर जगत नाही, देवाच्या शब्दावरही जगतो, असे त्याचे उत्तर होते. भूक लागली की माणूस कोणाचे ऐकतो, ते कळते. एरवी पोट भरलेले असताना मी देवाचा सेवक आहे की पोटाचा, हे माझे मलासुद्धा समजत नाही. उपवास हे समजण्यासाठी असतो. तो केल्याने देव आपला ऋणी होत नाही.

दुसरी गोष्ट आहे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात. उपास करताना तोंड उतरवून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे लोकांना कळणार नाही, असे येशू सांगतो. हा भाग पुष्कळांना माहीत असतो. त्याच्या आधी काय आहे याकडे मात्र माझे लक्ष फार उशिरा गेले. त्या अध्यायात आधी दानधर्म येतो, मग प्रार्थना, आणि उपवास तिसरा. पहिल्या दोघांना सोडून तिसरा उभा करायला गेले की तो पडतो. माझा पडला, ती हकिगत आता सांगतो.

आमचे घराणे मूळ नगर जिल्ह्यातले, आजच्या अहिल्यानगरचे. पणजी १८९९-१९०० च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होती. त्या काळात मिशनच्या आसऱ्याने जगलेल्या कुटुंबांपैकी आमचे एक. त्याच्या तीनचार वर्षे आधीच्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि बायका गोळा करून केडगावला आणल्या होत्या, हे आपण ऐकले असेल. तर आमच्या घरात उपासमार होती, उपवास नव्हता. माझी आजी उपवासाचे नाव काढले की चिडायची. "देवानं दिलंय तर खा," एवढेच तिचे धर्मशास्त्र. दोन पिढ्या पोटभर जेवल्यानंतर उपवास करणारा घरातला पहिला मीच, आणि खरे सांगायचे तर मला त्याचा अभिमान होता.

मी भिवंडीत एका यंत्रमाग कारखान्यात हिशेबनीस होतो. इथे त्याला मेहताजी म्हणतात. सुट्टी शुक्रवारची, पगार पंधरवड्याचा. २००३ साली योगायोगाने राखेचा बुधवार ५ मार्चलाच होता. त्या संध्याकाळी उपासनेत शास्त्रवाचन माझ्याकडे होते, यशया संदेष्ट्याचा अठ्ठावन्नावा अध्याय. त्यात लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपास करतो आणि तू पाहतसुद्धा नाहीस. देवाचे उत्तर असे, की उपासाच्या दिवशीही तुम्ही आपलाच फायदा बघता आणि कामकऱ्यांना पिळून घेता. मला हवा तो उपास म्हणजे जू सोडणे, आपल्या भाकरीतली भुकेल्याला देणे. मी ते चांगल्या आवाजात वाचले. पाळकसाहेबांनी नंतर कौतुकही केले.

त्या वर्षी १८ एप्रिलला गुड फ्रायडे आला. सुट्टी होती, पण सकाळी पगारवाटप होते. दुपारी बारा ते तीन कल्याणला उपासना, वधस्तंभावरच्या सात उद्गारांची. मी आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा घेतले नव्हते. ओठ कोरडे पडलेले, आणि ते कोरडे दिसावेत अशीही थोडी इच्छा होती. रांगेत जौनपूरकडचा एक विणकर होता. त्याच्या कापडावर तेलाचे डाग निघाले होते, म्हणून वहीत कपातीच्या रकान्यात मी एकशे ऐंशी रुपये लिहिले होते. डाग त्याच्या चुकीने पडले की मागाच्या, हे मी पाहिले नव्हते. तो तुकडा मी डोळ्यांनीसुद्धा पाहिला नव्हता. जॉबरने आकडा सांगितला, मी मांडला. विणकराने पैसे मोजले आणि शांतपणे म्हणाला, "मेहताजी, आज आपका उपवास है ना? हमारा भी है. बिशीवाली ने कल से खाना बंद कर दिया."

बिशी म्हणजे काय, ते भिवंडीबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. गावाकडे बायकामुले ठेवून इथे एकट्या राहणाऱ्या कामगारांची ही खानावळ. बहुधा एखादी बाईच ती घरातून चालवते. दोन्ही वेळचे जेवण खात्यावर, पैसे पगाराला. बाकी थकली की ताट बंद, कारण तिलाही किराणावाला उधार देत नाही.

मी काही बोललो नाही. पुढच्याचे नाव पुकारले. मग कल्याणला गेलो. पाचवा उद्गार आला, त्यात येशू आपल्याला तहान लागल्याचे सांगतो. तिथे माझ्या घशालाही कोरड होती आणि ती मला एकदम लाजिरवाणी वाटली. सहा आठवड्यांपूर्वी जो अध्याय मी मोठ्याने वाचला, तो माझ्याच वहीबद्दल होता.

शनिवारी संध्याकाळी त्या बिशीत जाऊन मी विणकराची बाकी भरली. यात मोठेपणा काही नाही. ते पैसे त्याचेच असू शकत होते. त्याला ते कळले की नाही मला माहीत नाही. पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या कारखान्यात गेला. कपातीचा रकाना मी निवृत्त होईपर्यंत वहीत होताच, तो काढायचा अधिकार मला नव्हता. एवढेच केले, की डागाचा तुकडा स्वतः बघितल्याशिवाय आणि विणकराला समोर दाखवल्याशिवाय त्यात आकडा लिहिला नाही. शेठ दोनदा रागावले. कपात त्यानंतरही झाली, अनेकदा झाली.

पुढे काही वर्षांनी जुने ख्रिस्ती साहित्य वाचताना मला एक मजकूर सापडला आणि मी हसलो. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेले 'हर्मासचा मेंढपाळ' नावाचे पुस्तक आहे. त्यात उपवासाची रीत दिली आहे. त्या दिवशी फक्त भाकरी आणि पाणी घ्यावे, एरवी जे जेवलो असतो त्याची किंमत काढावी, आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यावी. म्हणजे उपवासाला मेहताजी लागतोच! त्याच शतकात अरिस्तिदेस नावाच्या लेखकाने रोमच्या सम्राटाला ख्रिस्ती लोकांची माहिती लिहून पाठवली. या लोकांत कोणी गरीब उपाशी असला आणि यांच्याजवळही जास्तीचे नसले, तर हे दोन-तीन दिवस स्वतः उपाशी राहून त्याला पुरवतात, असे त्यात आहे. तिथे उपवास आणि दान या दोन गोष्टी नाहीतच. एकाच्या ताटातून निघते ते दुसऱ्याच्या ताटात पडते.

उलटही घडले आहे. १५२२ साली झुरिक शहरात उपवासकाळात फ्रोशाउअर या छापखानेवाल्याच्या घरी सॉसेज खाल्ले गेले आणि मोठे वादळ झाले. त्याचे म्हणणे असे, की पुस्तकांच्या जत्रेसाठी छापखान्यात रात्रंदिवस काम चालले आहे, कामगारांना अंगात ताकद हवी. स्विंग्ली हा धर्मसुधारक तिथे हजर होता. त्याने स्वतः खाल्ले नाही, पण खाणाऱ्यांची बाजू घेतली. आमच्या पंथात उपवासाची सक्ती का नाही, याचे एक मूळ त्या जेवणात आहे. राबणाऱ्याला उपाशी ठेवणारा नियम देवाचा नव्हे, असा मी त्याचा अर्थ लावतो. सक्ती गेली ते बरे झाले. तिच्याबरोबर आमच्याकडे उपवासही बराचसा गेला, ते मात्र बरे झाले नाही.

आता माझे वय झाले, आणि रक्तात साखर निघाली. उपाशी राहायला डॉक्टरांनी बंदी केली आहे. पहिल्या वर्षी फार चुकल्यासारखे वाटले. शुक्रवारी दुपारी ताटावर बसलो की चोरी केल्यासारखे व्हायचे. मग एकदा एका जेवणाचा हिशेब काढला, भात, डाळ, एक भाजी, गॅस धरून, आणि तेवढे पैसे घेऊन घराजवळच्या एका बिशीत गेलो. ज्याचे ताट बंद झाले असेल त्याला घाला, म्हटले. तेव्हापासून उपवासकाळातल्या दर शुक्रवारी जातो. हे रेडिओवर सांगून मी मत्तयाचा सहावा अध्याय मोडतोच आहे, पण सून विचारत होती की तुमच्यात उपवास कसा असतो, तर आमच्या घरात सध्या तो असा आहे.

२०२५ मध्ये त्या बाईंचाही रोजा होता. स्वतः दिवसभर पाणी न घेता त्या दुपारी चाळीस माणसांचा स्वयंपाक रांधून वाढत होत्या. पहिल्या शुक्रवारी पैसे दिले तेव्हा त्यांनी वही उघडून विचारले, "किसके नाम पे लिखूँ?" कोणाचे नाव नको, म्हटले. नावाशिवाय खाते कसे चालणार, असे त्यांना वाटले, आणि ते मला पटले. त्यांनी थोडा विचार करून नावाच्या जागी 'शुक्रवार' असे लिहिले, पुढे रक्कम टाकली आणि भाताच्या पातेल्याकडे वळल्या.